दुबईत साडेआठ तास आणि हातात फर्स्ट क्लासचं तिकीट: हा वेळ कसा घालवावा?

प्रश्न थोडक्यात असा. घोडबंदर रोडला राहणारे एक गृहस्थ डिसेंबरात आई-बाबांना घेऊन बहिणीकडे लंडनला निघालेत. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, म्हणून बहिणीने तिघांचीही एमिरेट्सची फर्स्ट क्लासची तिकिटं काढली. मुंबईचं विमान पहाटे साडेचारला, दुबईला पोच तिथल्या सकाळी सहाला, पुढचं लंडनचं विमान दुपारी अडीचला. मधल्या साडेआठ तासांचं काय करायचं? बुर्ज खलिफा बघून यावं, हॉटेल घ्यावं, की लाउंजमध्येच बसावं? बाबा पंचाहत्तरीला आलेत, गुडघे दुखतात. आई शाकाहारी आहेत आणि त्यांना सगळं बघायचंय.

माझं मत आधी सांगते. बाहेर जाऊ नका. आधी झोप, मग आंघोळ, मग सावकाश जेवण, आणि वेळ उरला तर विमानतळातच एक फेरफटका. मी बरीच वर्षं आखातातल्या एका विमानतळावर फर्स्ट क्लास लाउंजच्या स्वागतकक्षात काम केलं, आता ठाण्यात नौपाड्यातून लोकांच्या प्रवासाची आखणी करून देते. लांबचा लेओव्हर, म्हणजे दोन विमानांमधला थांबा, सुखाचा गेला की नाही, हे माणसं पुढच्या विमानात कुठल्या चेहऱ्याने चढतात त्यावरून कळतं.

झोप आधी का, ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं त्यावर बेतलेलं आहे. साडेचारच्या विमानासाठी दीडच्या सुमाराला मुंबई विमानतळाच्या टी२ला (टर्मिनल २ला) पोचायचं. म्हणजे घोडबंदरहून साडेबारा फार उशीर झाला. रात्री अवजड गाड्या सोडल्या की गायमुख ते कापूरबावडी कसं चालतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. साडेअकराला घर सोडायचं म्हटलं तर त्या रात्रीची झोप गेलीच. मुंबई-दुबई उड्डाण जेमतेम तीन तासांचं. त्यात जेवण, चहा, गरम टॉवेल हे सगळं घेत बसलात तर एक मिनिट डोळा लागणार नाही. चढल्याबरोबर सांगा, ‘आम्हाला झोपायचंय, उठवू नका.’ फर्स्टमध्ये आसनाचा पलंग होतो, गादी अंथरून देतात. दोन तास तरी पाठ टेकते.

दुबई आपल्या दीड तास मागे आहे. तिथले सकाळचे सहा म्हणजे तुमच्या शरीराला साडेसात. रात्रभर जागलेल्या माणसाला याच वेळी गाढ झोप लागते. आता पुढचं टोक बघा. अडीचला निघालेलं विमान हिवाळ्यात लंडनला संध्याकाळी सहा-साडेसहाला उतरतं. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र झालेली असते. या दुपारच्या विमानात पलंग आहे म्हणून पाच-सहा तास ताणून दिली, तर रात्री दोनला तिघंही लंडनच्या घरात टक्क जागे बसाल. म्हणून झोप दुबईत जमिनीवर काढायची, विमानात फार तर तासभर डुलकी, आणि लंडनला पोचल्यावर तिथल्या नऊ-साडेनऊला अंथरूण. पुढचं विमान रात्रीचं आणि चौदा तासांचं, न्यूयॉर्कचं वगैरे असतं, तर मी नेमकं उलट सांगितलं असतं: लाउंजमध्ये जागे राहा, भरपूर चाला, जेवा आणि विमान वर गेल्याबरोबर झोपा. लाउंज किती सुंदर आहे यावरून लेओव्हर आखू नका. पुढचं विमान किती वाजता निघतं आणि कुठल्या वेळी उतरवतं त्यावरून आखा.

झोपायचं कुठे? दुबईच्या फर्स्ट क्लास लाउंजमध्ये अंधाऱ्या शांत जागा आणि आडवं होण्यासारख्या खुर्च्या आहेत, पांघरूण मागितलं की मिळतं. तरुण माणसाला तेवढं पुरे. पंचाहत्तरीच्या बाबांना पुरणार नाही. टर्मिनल ३मध्ये इमिग्रेशनच्या आतच ट्रान्झिट हॉटेल आहे, त्याला व्हिसा लागत नाही, खोली तासांच्या हिशोबाने मिळते. आई-बाबांसाठी एक खोली आधीच ठरवा, सकाळी साडेसहा ते साडेदहा. इतकं महागाचं तिकीट असताना वर खोलीचे पैसे कशाला, असं वाटेल. खरा पलंग, बंद दार, खोलीला लागून न्हाणीघर. त्या वयात याला पर्याय नाही. एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’ नावाची सोयही आहे. त्यात लांब थांब्यासाठी शहरातलं हॉटेल कंपनी देते. पण ती तिकिटाचा प्रकार आणि त्याआधीचं जोडविमान उपलब्ध होतं का यावर ठरते, आणि किमान एक दिवस आधी नोंदवावी लागते. त्यातही व्हिसा, इमिग्रेशनची रांग, गाडी, परत सिक्युरिटी हे सगळं येतंच. साडेआठ तासांसाठी मी ते करणार नाही. रात्र काढायची असेल तर जरूर घ्या.

लाउंजमध्ये पाऊल टाकल्यानंतरची पहिली वीस मिनिटं फार मोलाची. माणसं आत येतात, थक्क होऊन बघतात, फोटो काढतात, सोफ्यावर टेकतात आणि दोन तासांनी विचारायला येतात, ‘स्पा आहे ना इथे?’ तोवर दुपारपर्यंतच्या सगळ्या वेळा गेलेल्या असतात. सकाळी सहा ते नऊ ही दुबईची गर्दीची वेळ, युरोप-अमेरिकेची विमानं भराभर सुटत असतात. म्हणून आधी उभ्या उभ्या स्वागतकक्षात चार गोष्टी सांगून टाका. आमचं विमान अडीचचं, गेट कुठल्या कॉनकोर्सला (टर्मिनलमधल्या गेटांच्या इमारतीला) लागण्याची शक्यता आहे? साडेदहाला तीन शॉवर हवेत. स्पामध्ये साडेदहा ते साडेअकराच्या मधली वेळ द्या, त्यात तिकिटावर काय मिळतं आणि कशाचे पैसे पडतात? आणि बाबांसाठी दीड वाजता व्हीलचेअर इथेच, लाउंजच्या दाराशी हवी. समोरची मुलगी हे लिहून घेते आणि मग तुमच्या मागे तिची माणसं लागतात. न मागता फारसं काही होत नाही, कारण निम्म्या प्रवाशांना कुणी येऊन विचारलेलंही आवडत नाही. म्हणून कर्मचाऱ्यांना लांब उभं राहायला शिकवलेलं असतं.

आपल्या लोकांना तिथे सगळ्यात जास्त आड येतो तो संकोच. डोंबिवलीचं एक जोडपं माझ्या कायम लक्षात राहिलंय. मुलाने अमेरिकेतून तिकिटं पाठवलेली. आत येऊन दोघं दाराजवळच्या पहिल्या दोन खुर्च्यांवर बसली होती. काकूंच्या मांडीवर पर्स, पर्सवर बोर्डिंग पास, त्यावर दोन्ही हात घट्ट. वेटर मेनू घेऊन गेला की काका हसून मान हलवायचे. पाणी तेवढं घेतलेलं. माझी पाळी सुरू झाली तेव्हा त्यांना येऊन चार तास होऊन गेले होते. मी जवळ जाऊन मराठीत बोलले, तसं काकूंनी आवाज खाली आणून विचारलं, ‘इथे चहा केवढ्याला पडतो हो?’ सगळं तिकिटात आलंय म्हटल्यावर दोघांनी आधी एकमेकांकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्वयंपाकघरातून मी डाळ-भात करून आणवला, वर तूप. काकांनी दुसऱ्यांदा भात घेतला. तेवढ्यात विमान लागलं, आंघोळ आणि झोप राहूनच गेली.

तेव्हा आई-बाबांना हे ठाण्यातच, घरी बसवून सांगा: आतलं जेवण, चहा, शॉवर, बूटपॉलिश, पांघरूण, सगळ्याचे पैसे आधीच भरलेले आहेत. टीप द्यावी लागत नाही. मेनूत नसलेली साधी वस्तू मागितली तर कुणाला राग येत नाही. मऊ भात, बिनतिखटाची डाळ, कोमट पाणी, बिनसाखरेचा चहा या मागण्या तिथल्या स्वयंपाक्यांना रोजच्या आहेत. तुम्ही बरोबर असाल तर त्यांच्या आधी तुम्ही मागा. मुलगा मागतोय हे बघितलं की आईंची भीड मोडते.

जेवणाबद्दल माझं मत ठाम आहे: मुख्य जेवण जमिनीवर करा. विमानात हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो आणि हवा फार कोरडी, त्यामुळे मीठ आणि गोड दोन्ही फिकं लागतं. तोच पदार्थ लाउंजमध्ये ताजा, गरम आणि पूर्ण चवीचा मिळतो. तिथे दोन प्रकार असतात, मांडून ठेवलेला बुफे आणि टेबलावर बसून मागवायचं जेवण. दुसरं घ्या. साडेअकराला बसलात तर तासभर मिळतो, पोटही हलकं व्हायला वेळ राहतो. आईंना कांदा-लसूण चालत नसेल तर लंडनच्या विमानासाठी जैन जेवण किमान २४ तास आधी नोंदवून ठेवा. नुसता शाकाहार असेल तर फर्स्टच्या मेनूतच सोय असते. बाबांच्या मधुमेहाच्या वगैरे गोळ्या असतील तर त्यांच्या मनगटावर एक घड्याळ भारतीय वेळेचंच राहू द्या आणि गोळ्यांचा मेळ डॉक्टरांना विचारून निघायच्या आधी कागदावर उतरवून घ्या. गोळ्या हँडबॅगेत, चिठ्ठीसकट. अमिरातीत काही वेदनाशामकं आणि कोडीनचं खोकल्याचं औषध नियंत्रित यादीत आहे. त्यातलं काही चालू असेल तर परवानगीचं आधी बघा.

मद्याबद्दल एवढंच. फुकट आणि उत्तम मिळतं, म्हणून रात्रभर जागलेल्या शरीरावर ओतू नका. एक पेला जेवताना ठीक. त्याच्या दुप्पट पाणी.

आता बाहेर जायचा हट्ट आईंनी धरलाच तर. भारतीय पासपोर्टवर दुबईत बाहेर पडायला व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा किंवा ग्रीन कार्ड, किंवा इतर काही ठराविक देशांचा व्हिसा वा रहिवासी परवाना असलेल्यांना पोचल्यावर मिळण्याची सोय आहे. बाकीच्यांनी ४८ किंवा ९६ तासांचा ट्रान्झिट व्हिसा विमान कंपनीमार्फत आधीच काढायचा. सकाळी सहाला उतरून बाहेर यायला सात-साडेसात, परत आत यायचं अकरा-साडेअकराला. हातात उरले चार तास. बुर्ज खलिफा सोडा, नुसत्या रांगेत आणि मॉलच्या चालण्यात बाबांचे गुडघे संपतील. त्यापेक्षा टॅक्सीने खाडीवर जा, अल फहिदीच्या जुन्या गल्ल्यांत थोडं फिरा, एका दिरहॅमच्या अब्र्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, खाडी ओलांडा, पलीकडे मसाल्याचा बाजार. डिसेंबरात सकाळची हवा छान असते. मे ते सप्टेंबरमध्ये हा विचारसुद्धा करू नका. पण त्या चार तासांची किंमत म्हणजे आई-बाबांची झोप. मला विचाराल तर येताना दुबईत दोन रात्री मुक्काम करा आणि तेव्हा आईंना सगळं दाखवा.

सामानाचं पटकन सांगते. टी२वर चेक-इन करताना बॅगेच्या पट्टीवर शेवटचं ठिकाण लंडन आहे हे स्वतः वाचा. एकाच पीएनआरवर तिकीट असेल तर बॅग थेट जाते. दोन वेगळी तिकिटं असतील तर काउंटरवरच सोक्षमोक्ष लावा, नाहीतर दुबईत व्हिसा नसताना बॅग पट्ट्यावर फिरत राहील. दुबईत ट्रान्झिटच्या प्रवाशांचीही पुन्हा सिक्युरिटी होते, त्यामुळे हँडबॅगेत १०० मिलीच्या वरचं पातळ काही नको. लोणचं, मुरंबा, तूप हे त्यांच्या लेखी पातळच. फर्स्ट क्लासचं तिकीट या दारापाशी कामाला येत नाही. आणि बहिणीसाठी अनारसे नेणार असाल तर खसखस न लावता करा. अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात, थोडीशी सापडली तरी प्रकरण गंभीर होतं. गुटखा, पानमसाला कुणाच्या खिशात राहिला असेल तर तोही ठाण्यातच काढून ठेवा.

इतर विमानतळांबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून थोडं त्याचंही. दोह्याला हमाद विमानतळावर फर्स्ट क्लाससाठी अल सफवा लाउंज आहे, संग्रहालयासारखं शांत, आत झोपायच्या खोल्या. झोपेच्या बाबतीत मी त्याला दुबईच्या वर ठेवते. ते बिझनेस क्लासच्या अल मुर्जानपेक्षा वेगळं आहे, गडबडीत माणसं चुकीच्या दाराने शिरतात. कुठेही आत सोडताना बहुतेक वेळा पुढच्या विमानाचा वर्ग बघतात, आलात त्याचा नाही, हे तिकीट काढतानाच ध्यानात घ्या. सिंगापूरला चांगीवर ‘ज्वेल’मधला ४० मीटरचा धबधबा बघायचा सगळ्यांना असतो, पण २०१९ साली उघडलेली ती इमारत इमिग्रेशनच्या बाहेर आहे. भारतीयांना ९६ तासांची व्हिसामुक्त ट्रान्झिट सवलत आहे खरी, पण अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा ठराविक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा असेल तरच. ज्यांच्याकडे तो नसेल त्यांनी टर्मिनल ३मधली फुलपाखरांची बाग बघावी, ती आतच आहे आणि मुलांना फार आवडते. फ्रँकफर्टला लुफ्तान्साची २००४पासून फर्स्ट क्लासची अक्षरशः वेगळी इमारत आहे, आंघोळीचे टब, तिथल्या तिथे पासपोर्ट तपासणी, मग मोटारीने थेट विमानाच्या पायरीशी. पण तिथे जायला आधी जर्मनीत प्रवेश करावा लागतो, म्हणजे शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्र) व्हिसा हवा. तो नसेल तर आतल्या बी भागातलं फर्स्ट क्लास लाउंज आहेच.

नवी मुंबईकर हल्ली एक वेगळा प्रश्न घेऊन येतात, दोन विमानतळांवरची विमानं जोडावीत का, तो तुमच्याही कामाचा. उलव्याचा नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५पासून सुरू झालाय. खारघर, नेरूळ, पनवेलच्या माणसाला तो दाराशी आहे. पण परदेशी विमान सहारहून (मुंबईच्या जुन्या विमानतळावरून) आणि देशांतर्गत जोडविमान उलव्याहून, अशी तिकिटं एका दिवसात काढू नका. बॅग आपण घ्यायची, मुंबईची वाहतूक आपण सोसायची, आणि एक विमान लटकलं की दुसरं गेलं. तिकिटावर बीओएम (मुंबई) लिहिलंय की एनएमआय (नवी मुंबई), हे काढतानाच बघा.

आता तुमच्या त्या दिवसाची शेवटची दोन तासांची घडी. दुबईच्या टर्मिनल ३मध्ये ए, बी, सी असे तीन कॉनकोर्स आहेत. ए हा जानेवारी २०१३मध्ये खास ए३८० या दुमजली विमानांसाठी उघडला आणि तिथलं फर्स्ट क्लास लाउंज अख्ख्या लांबीभर पसरलेलं आहे. लंडनला ए३८० जातं, त्यामुळे गेट ए मध्ये लागलं तर लाउंजमधून सरळ विमानात चढता येतं, बाबांची पायपीट वाचते. गेट बी किंवा सी ला लागलं तर हॉटेलातून उठून, आंघोळ करून त्या बाजूच्या लाउंजलाच जेवायला बसा. लाउंजमध्ये आणि एकूणच तिथे विमानाच्या घोषणा करत नाहीत, त्यामुळे फोनवर सव्वा वाजताचा गजर लावा आणि स्वागतकक्षात पुन्हा एकदा आठवण द्या. सुटायच्या वीस मिनिटं आधी गेट बंद होतं, फर्स्ट असो वा इकॉनॉमी. व्हीलचेअर ढकलणारी मुलं चांगली असतात, पण त्यांना बारा माणसं पोचवायची असतात. ती सकाळीच बाबांना गेटवर नेऊन बसवायला बघतील. आल्याबरोबर त्यांना नीट सांगा, ‘आधी हॉटेल, आणि दुपारी दीडला लाउंजच्या दारातून.’ त्या मधल्या वेळात बाबांना दर तासाला थोडं चालवा, निदान खुर्चीत बसून पावलं वर-खाली करायला लावा. पुढे सात तास बसायचंय, पायांत रक्त साकळू नये.

ए३८०वर फर्स्टच्या प्रवाशांसाठी दोन शॉवर असतात. पाणी पाच मिनिटं चालतं, खोली अर्धा तास मिळते. आत शिरल्याबरोबर आईंची वेळ लावून घ्या, उतरण्याच्या दोन तास आधीची, म्हणजे विमान खाली यायला लागायच्या आत सगळं आटपतं. सगळं बघायचंय म्हणतात ना, मग चाळीस हजार फुटांच्या आसपास आंघोळही होऊ दे. बाबांना हौस असेल तर जाऊ द्या, पण तुम्ही दाराबाहेर थांबा, आणि धरायच्या दांड्या कुठे आहेत ते सेविकेकडून आधी दाखवून घ्या.